‘आय वॉज बोअरिंग’ : इंग्रजी विशेषणांची दुरुस्त केलेली चूक परत का येते?

गेल्या आठवड्यात मुलाखतीचा सराव चालला होता. मी एचआर होऊन खुर्चीत बसले होते. आधीची नोकरी का सोडलीत, असं इंग्रजीत विचारलं. समोरची मुलगी औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळते, दिवसभर माणसांशी बोलते, बुजणारी अजिबात नाही. तिने ताडकन उत्तर दिलं, ‘मॅडम, आय वॉज व्हेरी बोअरिंग देअर.’ मागे दोघं फिस्सकन हसले. ते हसले म्हणून तिने लगेच सुधारलं, ‘सॉरी सॉरी, बोअरिंगली.’

हेच वाक्य मी तिच्या वहीत जूनमध्ये लाल पेनाने दुरुस्त केलं होतं. गणपतीच्या आधी एकदा केलं होतं, दिवाळीनंतर पुन्हा. दर वेळी ती म्हणायची, ‘कळलं मॅडम.’ आणि तिला खरंच कळलेलं असायचं. रिकाम्या जागा भरायला दिल्या की दहापैकी दहा. तोंड उघडलं की पुन्हा बोअरिंग.

सदाशिव पेठेत नागनाथ पाराजवळ एका अभ्यासिकेच्या वरच्या खोलीत माझी संध्याकाळची बॅच असते. स्पर्धा परीक्षेची मुलं, हिंजवडीत नुकतेच लागलेले इंजिनिअर, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या एक-दोन काकू, असा संमिश्र मेळा. पहिली काही वर्षं मी या दुखण्यावर नियमांचा तक्ता हेच औषध देत होते. विशेषण नामाच्या आधी येतं, क्रियाविशेषण क्रियापदाचं वर्णन करतं, वगैरे. तक्ता भिंतीवर राहिला आणि चुकाही जागच्या जागी राहिल्या.

फरक पडला तो एका साध्या प्रश्नाने. चूक झाली की मी आता बरोबर वाक्य सांगत नाही. विचारते, ‘हे बोलताना मनात मराठीत काय होतं?’ उत्तर वहीत डाव्या बाजूला लिहायचं, बोललेलं इंग्रजी उजव्या बाजूला. दोन-तीन महिने असं केल्यावर दिसलं, की डावीकडचं मराठी जवळजवळ नेहमी बिनचूक असतं. चूक इंग्रजीच्या अज्ञानातून येत नाही, चांगल्या मराठीतून येते. म्हणून ती परत परत येते. उजवी बाजू कितीही खोडा, डावीकडून तीच वाक्यं पुन्हा येत राहतात. मग उपायही डावीकडेच करायला हवा.

पहिलं आणि सगळ्यांत चिवट दुखणं : ‘मला’चं ‘आय’ होणं.

त्या मुलीच्या मनातलं वाक्य होतं, ‘मला तिथे कंटाळा आला होता.’ यात विशेषण नाहीच. कंटाळा हे नाम, ते ‘आलं’, आणि आलं ‘मला’. इंग्रजीत या वाक्यासाठी विशेषण लागतं. घाईत ‘मला’चं ‘आय’ होतं, ‘होता’चं ‘वॉज’ होतं आणि कंटाळ्याच्या जागी जो शब्द सगळ्यांत जास्त ऐकलेला, तो बसतो. लेक्चर बोअरिंग, सिनेमा बोअरिंग, मग मीही बोअरिंग. अर्थ होतो, ‘माझ्या सहवासात लोकांना कंटाळा यायचा.’ मुलाखतीत हे सांगू नये.

यावर मी जी चाचणी देते तिला आमच्या बॅचमध्ये ‘लेला-णारा’ म्हणतात. नामाचा नाद सोडा आणि मराठीतच विशेषण करून बघा. मी कंटाळलेली होते की कंटाळवाणी होते? कंटाळलेली. ‘लेला’ आलं तर इंग्रजीत शेवटी ‘ड’ : बोअर्ड, टायर्ड, कन्फ्यूज्ड. ‘णारा’, ‘वाणा’ किंवा ‘दायक’ आलं तर ‘इंग’. थकलेला माणूस टायर्ड, थकवणारा प्रवास टायरिंग. गोंधळलेली मी कन्फ्यूज्ड, गोंधळात टाकणारा फॉर्म कन्फ्यूजिंग. भ्यायलेलं मूल फ्रायटन्ड, भीतिदायक चित्र फ्रायटनिंग. ‘आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ हे तर दर आठवड्याला एकदा ऐकते. तिथेही हे चालतं : मी ‘रस असलेली’ आहे, म्हणून इंटरेस्टेड. ‘लेला’ इथे नशिबाने जुळतंय हे कबूल, पण जुळतंय तर वापरा. मराठीत ही जोडी आपल्याकडे आधीपासून आहे, तीही इंग्रजीइतकीच स्वच्छ. नवीन काही शिकायचं नाहीये.

याच ‘मला’ची दुसरी तऱ्हा ऑफिसमध्ये जास्त दिसते. ‘उद्या मला शक्य नाही’ याचं होतं, ‘टुमारो आय ॲम नॉट पॉसिबल.’ ‘तुम्हाला चार वाजता सोयीचं आहे का?’ याचं, ‘आर यू कन्व्हीनियंट ॲट फोर?’ ‘मला गणित अवघड जातं’ याचं, ‘आय ॲम डिफिकल्ट इन मॅथ्स.’ पहिल्याचा शब्दशः अर्थ ‘उद्या माझं असणंच शक्य नाही’ असा काहीसा निघतो आणि तिसऱ्याचा ‘मी गणिताच्या बाबतीत जरा अवघड माणूस आहे.’ पॉसिबल, कन्व्हीनियंट, डिफिकल्ट ही कामाची विशेषणं आहेत, माणसाची नाहीत. (डिफिकल्ट माणसं असतात, पण ते वेगळं.) इथे ‘मला’ला ‘मला’च राहू द्यायचं, फक्त मागे ढकलायचं : ‘इट इज नॉट पॉसिबल फॉर मी’, ‘इज फोर ओ’क्लॉक कन्व्हीनियंट फॉर यू?’, ‘मॅथ्स इज डिफिकल्ट फॉर मी’. शक्य नसेल तर ‘आय कान्ट कम टुमारो’ हे त्याहून सरळ, पण आपल्याकडे नाही म्हणताना थोडं गुंडाळून म्हणायची सवय असते.

मग कुठल्या ‘मला’चं ‘आय’ करायचं? माझा ठोकताळा असा : जे अंगात किंवा मनात होतं, ते ‘आय’. मला भूक लागली, आय ॲम हंग्री. मला थंडी वाजतेय, आय ॲम कोल्ड. मला लाज वाटली, आय वॉज एम्बॅरस्ड. जे बाहेरच्या कामाबद्दल आहे, ते ‘इट’, किंवा त्या कामाचं नावच पुढे. शंभर टक्के लागू पडत नाही, पण रोजच्या बोलण्यात निभावून जातं.

याचाच एक चुलतभाऊ : ‘आय ॲम अग्री विथ यू.’ शाळेपासून सगळे टोकतात तरी जात नाही, कारण मनात ‘मी सहमत आहे’ असतं. सहमत हे मराठीत विशेषण आहे, त्याला ‘आहे’ लागतंच. इंग्रजी अग्री हे मात्र क्रियापद, त्याला ‘ॲम’ची गरज नाही. यावर उपाय म्हणजे डावीकडचं वाक्य बदलणं. ‘सहमत आहे’ऐवजी ‘मला पटतं’ असं मनात आणा, ‘आहे’ आपोआप गळून पडतं. सगळ्यांच्या बाबतीत नाही, पण बऱ्याच जणांच्या.

दुसरं दुखणं : गुड की वेल.

इथे मराठी इतकी छान मदत करते, की हे शाळेत कोणी का सांगत नाही याचं मला नवल वाटतं. ‘मिसळ चांगली लागते.’ ‘वडा चांगला लागतो.’ ‘पोहे चांगले लागतात.’ बघा, चांगली, चांगला, चांगले. शब्द नामाप्रमाणे बदलतोय, म्हणजे तो नामाचं विशेषण आहे. क्रियापद जवळ असलं तरी वर्णन मिसळीचं चाललंय, लागण्याचं नाही. म्हणून इंग्रजीत ‘द मिसळ टेस्ट्स गुड.’ वेल नाही. तसंच ती सुंदर दिसते, ‘शी लुक्स ब्यूटिफुल’. ब्यूटिफुली नाही. टेस्ट, लुक, स्मेल, साउंड, फील या पाचांनंतर नुसतं विशेषण येतं. आता ‘ती चांगलं गाते’ किंवा ‘त्यांनी चांगलं समजावलं’ घ्या. इथे ‘चांगलं’ गाणाऱ्याकडे बघत नाही, गाण्याकडे बघतं. म्हणून ‘शी सिंग्ज वेल.’

हे मी फळ्यावर लिहून खूश होते तेवढ्यात मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, ‘मॅडम, पण आम्ही तर “तो चांगला खेळतो” म्हणतो. चांगला बदललं की! मग ही प्लेज गुड?’

बरोबर पकडलं होतं. मराठीत ‘तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते’ हेही सर्रास चालतं, आणि तिथे माझी चाचणी गळते. त्या दिवशी ‘उद्या सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. घरी जाताना शनिपारापर्यंत डोक्यात तेच. शेवटी उपाय सुचला तो असा : ‘चांगला’ काढून तिथे ‘चांगल्या प्रकारे’ घालून बघायचं. ‘तो चांगल्या प्रकारे खेळतो’, चालतं. म्हणजे इंग्रजीत वेल. ‘मिसळ चांगल्या प्रकारे लागते’ असं कोणी म्हणेल का? पुण्यात तरी नाही. म्हणजे गुड. ‘ती सुंदर प्रकारे दिसते’ हेही नाही, म्हणजे ब्यूटिफुल. आता हीच चाचणी सांगते. रूप बदलतं का हे नंतर बघायचं, ‘प्रकारे’ आधी.

जाता जाता हार्डली. ‘मी खूप कष्ट केले’साठी ‘आय वर्क्ड हार्डली’ म्हणणारे बरेच असतात, कारण शाळेत शिकवलेलं असतं की विशेषणाला ‘ली’ लावलं की क्रियाविशेषण होतं. हार्डलीचा अर्थ ‘जेमतेमच’, म्हणजे ‘मी काम जवळपास केलंच नाही’. हार्ड, फास्ट, लेट हे शब्द दोन्ही कामांना तसेच चालतात. फास्टली असा शब्द नाही. लेटली आहे, पण त्याचा अर्थ ‘अलीकडे’. आणि फ्रेंडली, लव्हली, लोनली यांच्या शेपटीला ‘ली’ असूनही ती विशेषणंच आहेत. नियम पाठ करणारा इथे हमखास आपटतो.

तिसरं : दहा रुपयांची नोट.

आपल्याकडे विशेषणाचं, निदान आकारान्त विशेषणाचं, रूप नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. मोठा वाडा, मोठी गल्ली, मोठे रस्ते, मोठ्या चौकात. इंग्रजीत बिग ते बिगच. बिग्ज कोणी म्हणत नाही, त्यामुळे हे सोपं वाटतं. चूक होते ती आकडा आला की. ‘दहा रुपयांची नोट’ म्हणताना रुपये अनेक आहेत हे आपल्या जिभेला पक्कं ठाऊक, म्हणून ‘टेन रुपीज नोट’. ‘पाच वर्षांचा मुलगा’, म्हणून ‘फाइव्ह इयर्स ओल्ड बॉय’. पण आकडा आणि माप मिळून नामाच्या आधी बसले की ते विशेषण होतात, आणि विशेषणाला अनेकवचन नाही : ‘अ टेन-रुपी नोट’, ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’, ‘अ थ्री-अवर मीटिंग’. नामाच्या नंतर आलं की ‘स’ परत येतो : ‘द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड’.

माझ्या बॅचला हे दुकानाच्या उदाहरणाने बसलं. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली, ‘धिस पेन इज टेन रुपीज’ आणि ‘धिस इज अ टेन-रुपी पेन’, आणि मध्ये उभी रेघ. पेनाच्या अलीकडे बसलात तर ‘स’ बाहेर ठेवून या, असं सांगितलं. चपला बाहेर काढाव्यात तसं. ते त्यांच्या लक्षात राहिलं.

गंमत अशी, की जिथे इंग्रजीत रूप खरंच बदलतं तिथे आपण विसरतो. ‘धिस पेपर्स’, ‘दॅट फाइल्स’. मराठीत हा-ही-हे-ह्या एवढा पसारा रोज सांभाळणारी माणसं इंग्रजीतल्या धिस-दीज या दोनच रूपांवर अडखळतात. गरिबांना म्हणून ‘पुअर्स’ म्हणणं हेही याच घरातलं. ‘द पुअर’ एवढंच, ‘द’ हवा आणि ‘स’ नको.

चौथं : मोर बेटर.

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाने ‘चेंज द डिग्री’ केलेलं आहे. ‘नो अदर बॉय इज ॲज टॉल ॲज रमेश’, त्याचं सुपरलेटिव्ह करा. डोळे मिटून करतात. तीच माणसं बोलताना ‘धिस इज मोर बेटर’ म्हणतात, कारण मनात ‘हे जास्त चांगलं आहे’ असतं आणि त्यातल्या ‘जास्त’ला कुठेतरी बसवायचं असतं. मराठीत तुलनेसाठी विशेषणाचं रूप बदलावं लागत नाही. ‘पुण्यापेक्षा मुंबई मोठी’, बस. तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’ उचलतं. त्यामुळे काही जण ‘मुंबई इज बिग दॅन पुणे’ म्हणून अलीकडे थांबतात, काही ‘मोर बिगर’ म्हणून पलीकडे जातात. शेक्सपिअरच्या काळात अशी दुहेरी रूपं चालायची, हे सांगितलं की मुलांना फार आनंद होतो. आज मात्र चालत नाहीत.

‘मोर काढा’ एवढं सांगून भागत नाही. बोलणाऱ्याला जोर द्यायचा असतो, तो जोर कुठेतरी जायला हवा. त्याला दुसरी जागा द्या : ‘मच’. मच बेटर, मच बिगर, मच चीपर. मोरच्या जागी मच, तोंडाला तेवढाच घास. ही एक अदलाबदल महिनाभर केली तर मोर बेटर बऱ्यापैकी जातं. लांब शब्दांना मोर लागतोच, मोर एक्स्पेन्सिव्ह. तिथे जोर हवा तर मच मोर एक्स्पेन्सिव्ह.

ऑफिसवाल्यांसाठी एवढंच, की ‘ही इज सीनियर दॅन मी’ नाही, ‘सीनियर टू मी’. सीनियर, ज्युनियर, सुपिरिअर हे लॅटिनमधून येतानाच तुलना पोटात घेऊन आलेले शब्द आहेत, त्यांना दॅन लागत नाही. आणि ‘वन ऑफ द बेस्ट’नंतर नाम अनेकवचनी, कारण आपणही ‘विद्यार्थ्यांपैकी एक’च म्हणतो.

विशेषणांच्या क्रमाचा मात्र फार बाऊ करू नका. मत, आकार, वय, रंग, मूळ, साहित्य असा क्रम पुस्तकात असतो आणि लोक तो घोकतात. ‘मोठा जुना लाकडी दरवाजा’ म्हणा आणि मग ‘लाकडी जुना मोठा दरवाजा’ म्हणा. दुसरं कानाला खटकतंय ना? ‘अ बिग ओल्ड वुडन डोअर’चा क्रमही तोच. एकदा शनिवारवाड्यावर परिच्छेद लिहायला दिला होता. 1732 साली बांधून झाला, 1828च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या, ही माहिती सगळ्यांनी नीट लिहिली. क्रमही बहुतेकांचा बरोबर होता. चुकलं ते मध्ये मध्ये पेरलेलं ‘ॲन्ड’. बिग ॲन्ड ओल्ड ॲन्ड वुडन. ते काढलं की झालं.

काही किरकोळ, पण रोजची. ‘गरम गरम चहा’चं ‘हॉट हॉट टी’ होतं, ‘छोटी छोटी गावं’चं ‘स्मॉल स्मॉल व्हिलेजेस’. मराठीत शब्द दुहेरी केला की वाफ दिसते, इंग्रजीत नुसता शब्द दोनदा ऐकू येतो. चहाला ‘पाइपिंग हॉट’ म्हणा, गावांना नुसतं ‘स्मॉल व्हिलेजेस’. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन आलेला आमचा एक जण म्हणाला, ‘द ट्रिप वॉज व्हेरी फनी.’ मजा आली होती त्याला. पण फनी म्हणजे विनोदी किंवा विचित्र. मजा आली तर ‘इट वॉज फन’. ‘टू’ म्हणजे नको इतकं, नुसतं ‘खूप’ नव्हे. ‘टू स्पायसी’ म्हणजे खाववत नाही इतकं तिखट. ‘टू गुड’ मात्र आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणते. आपापसांत म्हणा. परदेशी क्लायंटला मेल लिहिताना व्हेरी लिहा.

आता हे घालवायचं कसं. सगळं एकदम धरू नका, त्याने माणूस बोलायचाच थांबतो, आणि न बोलणाऱ्याच्या चुका दुरुस्त होत नाहीत. एका महिन्याला एकच दुखणं. रात्री फोनवर स्वतःचं दोन मिनिटं बोलणं रेकॉर्ड करा, दिवसभरात काय झालं तेवढंच. सकाळी बसमध्ये बसल्यावर ऐका. रात्रीची चूक रात्री ऐकू येत नाही, सकाळी येते. सापडली की वहीत डावीकडे मराठी वाक्य लिहा आणि त्या मराठी वाक्यालाच हात घाला : ‘कंटाळा आला’च्या जागी ‘कंटाळलेली होते’, ‘सहमत आहे’च्या जागी ‘पटतं’, ‘जास्त चांगलं’च्या जागी ‘बरंच चांगलं’. उजवीकडचं इंग्रजी सर्वांत शेवटी. आणि चुकल्यावर लगेच ‘सॉरी’ म्हणून दुसरं काहीतरी टाकू नका. ‘बोअरिंगली’ तसंच जन्माला आलं. एक श्वास थांबा, डावीकडे बघा, मग बोला.

परवा त्या औषधाच्या दुकानातल्या मुलीची खरी मुलाखत झाली. बाहेर पडल्यावर तिचा फोन आला. कसा झाला इंटरव्ह्यू, विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, व्हेरी बोअरिंग.’

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, मराठीत सांग बघू.

‘कंटाळवाणा होता हो. एकच प्रश्न तीन जणांनी विचारला.’